गेनिजाची पेटी आणि आहेराची वही

(शाब्बाथ संपल्यानंतर आपल्या प्रार्थनागृहाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे, ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'आपल्या समाजाचा वारसा कसा जतन करावा' असा छापला आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की हा वारसा कसा घालवावा हे मी स्वतः करून पाहिले आहे. मी इतिहासकार नव्हे. आयुष्यभर बंदराच्या कचेरीत हिशेब लिहिले. जुन्या कागदांचे शास्त्र मी सेवानिवृत्तीनंतर शिकलो, आणि ते का शिकावे लागले हे सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

माझे वडील मुंबईत रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते आणि रात्री कीर्तन करीत. हरदासी परंपरेतले ते व्यावसायिक कीर्तनकार नव्हते. आपल्याकडे हौसेने, धर्मप्रेमाने कीर्तन करणारी जी एक पिढी होती, त्यांपैकी ते एक. १९७१ मध्ये आम्ही आलिया केली तेव्हा त्यांच्या ट्रंकेत पेटीचे सूर धरण्यासाठी घेतलेली एक छोटी श्रुतिपेटी आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. वहीत योसेफाचे आख्यान, साक्या, दिंड्या, आर्या; समासात शिसपेन्सिलीने, कोणते पद कोणत्या नाटकातील चालीवर म्हणावे त्याच्या खुणा. पहिल्या पानावर हिब्रू अक्षरांत एलियाहू हानाबीचे नाव व खाली परमेश्वराचे नाव लिहिलेले.

वडील गेले, पुढे कितीतरी वर्षांनी आई गेली. सात दिवस पुरे झाल्यावर घर रिकामे करावयाचे होते. भावंडे कामावर परतली होती, भाडेकरू यायचा होता. मी ती वही उघडली, पहिले पान पाहिले, आणि जे कोणताही श्रद्धावान माणूस करील तेच केले. ज्या कागदावर परमेश्वराचे नाव आहे तो कचऱ्यात टाकता येत नाही, म्हणून फाटक्या तेफिलांच्या पुस्तकांबरोबर ती वही मी प्रार्थनागृहाच्या दारातील गेनिजाच्या पेटीत ठेवली. ठेवताना चुंबनही घेतले. दोन वर्षांनी माझ्या बहिणीची नात विद्यापीठातून आली व म्हणाली, "आजोबा, पणजोबांच्या कीर्तनातले काही लिहिलेले आहे का हो? मला त्यावर निबंध लिहायचा आहे." मी गब्बायांकडे धावलो. त्यांनी शांतपणे सांगितले, की पेटी भरली होती आणि रीतीप्रमाणे तिचे कब्रस्तानात दफन झाले आहे.

आजचे माझे सारे बोलणे त्या वहीविषयी आहे. तिच्याबरोबर ट्रंकेत असलेल्या दुसऱ्या एका वहीविषयीही आहे. ती वाचली, कारण ती कोणालाच पवित्र वाटली नाही.

गेनिजा हा शब्द आपल्या कानांवरून रोज जातो, परंतु इतिहासात या शब्दाचे जे भाग्य आहे ते अनेकांस ठाऊक नसते. कैरोजवळ फुस्तात येथील बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये अशीच एक खोली होती. रीत पुरेपूर पाळली गेली असती तर तेथील कागद वेळोवेळी जमिनीत गेले असते. ते गेले नाहीत. शतकानुशतके ते वरच्या खोलीत साचत राहिले आणि मिसरच्या कोरड्या हवेत टिकले. १८९६-९७ च्या हिवाळ्यात सॉलोमन शेख्टर तेथे पोहोचले आणि त्यांनी कागदांची पोतीच्या पोती केंब्रिजला नेली. त्यांत धर्मग्रंथांची पाने तर होतीच, पण आपल्या दृष्टीने जे नवल आहे ते निराळेच आहे. त्या ढिगाऱ्यात बाराव्या शतकात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या यहूदी व्यापाऱ्यांची पत्रे, बिले, मालाच्या याद्या होत्या. अब्राहम बेन यिजू नावाचा ट्युनिसियाकडील व्यापारी मंगळूरच्या बाजूस राहून पितळेची भांडी घडविण्याचा कारखाना चालवीत होता. कागद दुर्मिळ, म्हणून आलेल्या पत्राच्या कोऱ्या पाठीवर तो हिशेब लिही. एस. डी. गॉयटाइन या विद्वानाने ही हिंदी महासागराच्या व्यापाराची कागदपत्रे वेचून काढण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घातली, आणि ती छापून बाहेर येण्यापूर्वीच ते निवर्तले.

बेन यिजू आपल्या समाजाचा नव्हता, त्याचा आपल्याशी नातेसंबंध जोडण्याचा मोह मी टाळतो. मला एवढेच दाखवायचे आहे, की त्या खोलीतील तोराची पाने जगात इतरत्रही होती. मंगळूरची भांड्यांची यादी मात्र दुसरीकडे कोठेही नव्हती.

आता आपल्या घराकडे वळू.

आपला लिखित इतिहास किती बारीक धाग्यावर लोंबकळत आला आहे, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा ग्रंथ. किहीमवरून केहिमकर, हे येथे सांगण्याची गरज नाही, पण मागच्या रांगेत बसलेल्या नातवंडांसाठी सांगतो. १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली मुलांसाठी जी शाळा निघाली तिचे ते प्रवर्तक. त्यांनी बेने इस्राएलांचा इंग्रजी इतिहास लिहून पुरा केला तो १८९७ मध्ये. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे, डॉ. इमॅन्युएल ओल्सव्हँगर यांच्या संपादनाखाली. मधली चाळीस वर्षे तो ग्रंथ हस्तलिखित होता. लेखकाला त्याचे छापील पान पाहावयास मिळाले नाही. चाळीस वर्षांत मुंबईचे पावसाळे चाळीस. एका पावसाळ्यात छत गळले असते, एका सुनेने कपाट झाडले असते, तर आज आपण काय गमावून बसलो असतो?

मी एकच उदाहरण देतो. आपल्या पूर्वजांनी कोकणात असताना सणांना मराठी नावे दिली होती. योम किप्पुर म्हणजे दारफाळणीचा सण. तिश्रीतला खिरीचा सण, आवच्या नवमीचा बिरड्याचा सण, नव्याचा सण. हिब्रू नावे पुढे शिक्षकांबरोबर आली आणि ही जुनी नावे हळूहळू मागे पडली. माझ्या आजीच्या तोंडी त्यांतली दोन-तीन होती. आईच्या तोंडी एक. माझ्या मुलांनी एकही ऐकले नाही. केहिमकरांनी ती नोंदवून ठेवली म्हणून ती आज आपल्याला सलग सापडतात. बिरडे कसे मोड आणून सोलतात हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच त्या नावातली चव कळेल. पण नाव तरी उरले.

छापील मराठीचेही असेच. १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर हिब्रू-मराठी हगादा निघाली. १८७४ मध्ये पुण्यास दुसरी निघाली, तिच्यात पेसाहची बेखमीर भाकरी करणाऱ्या आपल्या स्त्रियांचे चित्र आहे. लुगडी नेसलेल्या, जमिनीवर बसून काम करणाऱ्या. पुढच्या काळात 'सत्यप्रकाश', 'इस्राएल धर्मदीप' यांसारखी नियतकालिके निघाली. योसेफ यहेज्केल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८८० च्या सुमारास मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन होऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनाच्या थाटात रचली जाऊ लागली. माझे वडील त्याच झाडाची एक उशिराची फांदी. एवढे सगळे वाङ्मय एवढ्याशा समाजाने निर्माण केले. परंतु लक्षात घ्या, या बहुतेक पुस्तकांत कोठे ना कोठे हिब्रूत परमेश्वराचे नाव आहे. म्हणजे जुनी झाल्यावर ही पुस्तके कोठे गेली असतील, हे तुम्हीच ओळखा. आपला आदरच आपल्या ग्रंथालयाचा शत्रू ठरला, असे मी म्हटले तर हज्जानसाहेबांनी रागावू नये.

आता त्या दुसऱ्या वहीकडे येतो.

१९६२ सालची गोष्ट आपल्यापैकी वृद्धांना आठवतच असेल. त्या वर्षी रब्बिनेटच्या एका परिपत्रकाने बेने इस्राएल वधूवरांच्या विवाहापूर्वी मागच्या पिढ्यांची, विशेषतः आईच्या बाजूची, चौकशी करण्याचे ठरविले. त्यावरून जो असंतोष उसळला, यरुशलेमात ज्या निदर्शनांत आपली माणसे बसून राहिली, आणि १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहूदी आहेत असे घोषित केले, तो सारा इतिहास या सभागृहात पुष्कळदा सांगून झाला आहे. मी त्याची केवळ कागदी बाजू सांगतो. मी तेव्हा मुंबईत शाळकरी मुलगा होतो. काका आधीच इकडे येऊन बेर शेव्हाला स्थायिक झाले होते. त्यांचे एक पत्र आले: मुलीचे लग्न ठरते आहे, आईचा केतुबा असल्यास पाठवा, तिच्या आईचे माहेर कोठले ते कळवा.

केतुबा सापडला नाही. वडिलांनी ट्रंक उपसली तेव्हा तळाशी लाल फडक्यात बांधलेली एक लांबट वही निघाली. माझ्या आजीच्या लग्नाची खर्चाची आणि आहेराची वही, सुमारे १९१९ ची, आणि सगळी मोडीत. वडिलांना मोडी जेमतेम लागे. त्यांनी दिव्याखाली बसून एकेक नाव लावले. अमुक रोहेकर, एक चोळीखण. अमुक पेणकर, पितळी तांब्या. अष्टमीहून खोबऱ्याच्या वाट्या. आणि मध्ये एक ओळ: मामाकडील आहेर, खाली मामाचे नाव व गावाचे नाव. आजीच्या आईचे माहेर त्या ओळीत होते. जे कोणत्याही धार्मिक दस्तऐवजाने सांगितले नाही, ते एका लुगड्याच्या नोंदीने सांगितले.

ती माहिती काकांना कळविली, तिचा उपयोग झाला की नाही मला ठाऊक नाही. लग्न मात्र झाले आणि चुलत बहीण आज पणजी आहे. वही परत फडक्यात गेली. आईच्या मृत्यूनंतर मी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. हिशेबाची वही, तीही मोडीत. तिच्यात परमेश्वराचे नाव असण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून ती गेनिजात गेली नाही, आणि फडके चांगले होते म्हणून कचऱ्यातही गेली नाही. ती तळघरातल्या महसानात जुन्या पंख्याखाली पडून राहिली.

नातीच्या प्रश्नाने खजील होऊन मी यरुशलेममधील एका ग्रंथालयात जुने कागद जतन करण्याच्या अभ्यासवर्गाला जाऊ लागलो. शिकविणाऱ्या बाई मोरोक्कोकडील कुटुंबातल्या, मराठीचे एक अक्षर न जाणणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला काय काय करू नये याची शिकवण दिली, आणि त्यांतल्या बहुतेक गोष्टी मी केलेल्या होत्या. आजोळचे एक प्रमाणपत्र मी मोठ्या प्रेमाने लॅमिनेट करून घेतले होते. ते आता सोडविता येत नाही. उष्णतेने प्लास्टिक कागदात भिनते, आणि कागदाचे आम्ल आत कोंडले जाऊन तो आतल्या आत पिवळा पडत जातो. फाटलेली पाने मी चिकटपट्टीने जोडली होती. ती पट्टी काही वर्षांनी सुटते, तिचा डिंक मात्र तपकिरी होऊन अक्षरे खातो. छायाचित्रांच्या पाठीवर मी बॉलपेनने नावे लिहिली होती. ती दाबाने पुढून उमटतात. मऊ शिसपेन्सिल वापरावी, तीही काठाला. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात. चिकट पानांचे जे आल्बम एके काळी घरोघर होते, त्यांतून छायाचित्रे हळूच सोडवावीत, सुटत नसतील तर ओढू नयेत, आल्बमसकट छायाचित्र काढून घ्यावे. कागद हाताळताना पांढरे हातमोजे घालण्याचे नाटक नको. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात बरे, कारण मोज्याने बोटांना पान जाणवत नाही आणि कोपरा फाटतो. छायाचित्रांना मात्र मोजे. महसान सर्वांत वाईट जागा. आपण समुद्राजवळ राहतो, येथली दमट हवा मुंबईची आठवण करून देते एवढ्यावर प्रेमाने पाहू नये. घराच्या आतल्या भिंतीशी असलेले, जमिनीपासून वर उचललेले कपाट पुरेसे आहे.

हे सारे कोणालाही शिकता येते. जे मला जड गेले ते दुसरेच होते. मी हिशेबनीस, म्हणून काका, मावशी, आत्या यांच्याकडून आलेले सगळे कागद मी एकत्र करून तारखेनुसार लावले. फार सुबक दिसत होते. बाईंनी पाहिले आणि डोक्याला हात लावला. कोणता कागद कोणाच्या गठ्ठ्यात, कोणत्या कागदाशेजारी होता, हीच अर्धी माहिती असते, आणि ती मी पुसून टाकली होती. आत्याच्या गठ्ठ्यात एका अनोळखी बाईची पाच पत्रे एकत्र होती. आत्याने ती का जपली असावीत, याचा विचार करता आला असता. आता ती पत्रे पाच निरनिराळ्या सालांत पांगली आहेत, आणि ती आत्याकडची होती हेसुद्धा मी आठवणीवरून सांगतो आहे. गठ्ठा जसा आला तसा राहू द्यावा, प्रथम त्याचेच छायाचित्र घ्यावे. नीटनेटकेपणाचा हव्यास मी अजून पुरता सोडलेला नाही, पण हात आखडतो.

आणि मग वाचनाचा प्रश्न. आहेराच्या वहीच्या प्रती काढून मी पुण्यातील एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडे पाठविल्या. त्यांनी अतिशय मेहनतीने साऱ्या वहीचे देवनागरीत लिप्यंतर करून दिले, पैसेही घेतले नाहीत. सोबत विनयाने एक टीप लिहिली: मशिदीस दिलेले पाच रुपये, काजीची दक्षिणा, आणि रोजाचा उल्लेख पाहता हे कुटुंब मुसलमान असावे असे वाटते, तरी नावांचा उलगडा होत नाही.

तुम्ही हसलात, याचा मला आनंद आहे. या सभागृहात अजून हसणारे आहेत. आपले वाडवडील सिनेगॉगला मशीद म्हणत. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेले प्रार्थनागृह आमच्या आजीच्या बोलण्यात शेवटपर्यंत 'जुनी मशीद' होते. काजी म्हणजे आपला धर्मविधी करणारा, मुकादम आणि चौघुला यांच्या पंक्तीतला. तिश्रीतल्या उपवासाला रोजा म्हणत. त्या सज्जन गृहस्थांनी एकही अक्षर चुकीचे वाचले नव्हते. उद्या हीच वही एखाद्या मोठ्या ग्रंथालयात गेली, तिची उत्तम प्रत निघाली, आणि सूचीत ती 'कोकणी मुसलमान कुटुंबाची लग्नवही' म्हणून नोंदली गेली, तर ती जगात असेल आणि तरीही आपल्या कोणाला कधी सापडणार नाही.

नावांचेही तसेच आहे. सामाजी हसाजी दिवेकर आणि सॅम्युएल यहेज्केल हे एकच गृहस्थ, हे येथे सर्वांना माहीत आहे. पण आपल्या प्रत्येक घरात असे सामाजी आहेत. गावच्या कागदात एक नाव, पलटणीच्या किंवा रेल्वेच्या कागदात इंग्रजी वळणाचे दुसरे, केतुबात हिब्रू तिसरे, आणि इकडे आल्यावर मुलांनी आडनाव बदलले तर चौथे. ज्याला हे चारही एकच माणूस असल्याचे माहीत आहे, तो माणूस म्हणजेच आपले दप्तर. त्याची सूची कोणत्याही यंत्राला आपोआप करता येत नाही.

केरळच्या आपल्या बांधवांनी, म्हणजे कोचीनच्या यहूद्यांनी, या बाबतीत आपल्याला धडा घालून दिला आहे. त्यांच्या स्त्रिया लग्नात आणि सणांत मल्याळम् गाणी म्हणत आणि ती हाताने वह्यांत उतरवून मुलींना देत. इकडे आल्यावर त्या वह्या कपाटांत गेल्या. परंतु काही अभ्यासकांनी आणि समाजातल्या बायकांनी त्या वेळीच गोळा केल्या. एका घरच्या वहीत गळलेली ओळ दुसऱ्या घरच्या वहीत सापडली, आणि ज्यांना गाता येत होते त्या आजीबाई हयात असतानाच त्यांचे गाणे मुद्रित झाले. २००५ मध्ये यरुशलेमच्या बेन-झ्वी संस्थेने 'कार्कुळली' या नावाने त्या गाण्यांचे मल्याळम्-हिब्रू पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्यापेक्षा कितीतरी लहान समाज तो. आपल्या कीर्तनांचा आणि मलिद्याच्या वेळच्या गाण्यांचा असा संग्रह माझ्या हातात कोणी ठेवलेला नाही. माझ्या वडिलांची वही त्यात एक असती.

वडिलांच्या कीर्तनातले काहीच उरले नाही असे मात्र नाही. चौकशी करता करता दिमोनातील एका आतेभावाकडे एक कॅसेट सापडली. एका मलिद्याच्या रात्री वडिलांनी केलेले योसेफाचे आख्यान त्याने मुद्रित केले होते. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन लहान पाती असतात, ती मोडून टाकली की तिच्यावर पुन्हा काही मुद्रित करता येत नाही. ती मोडलेली नव्हती. भावाच्या मुलाने तिच्यावर चित्रपटाची गाणी घेतली होती. अकरा मिनिटे उरली आहेत. योसेफाला भाऊ विहिरीत टाकतात तेथपर्यंत वडिलांचा आवाज येतो, मागे टाळ आहेत, कोणीतरी मूल रडते आहे, बाईचा आवाज त्याला गप्प करतो. तो आवाज बहुधा माझ्या आईचा. मग एकदम वाद्यवृंद सुरू होतो आणि लता मंगेशकर गातात. तुम्ही पुन्हा हसलात. मीही हसलो, पण ते बऱ्याच दिवसांनी. त्या अकरा मिनिटांच्या आता तीन प्रती आहेत, एक माझ्याकडे, एक नातीकडे, आणि एक दुसऱ्या गावी.

माणसांकडून ऐकून घेण्याविषयी थोडे. आरंभी मी ध्वनिमुद्रण यंत्र समोर ठेवून वृद्धांना विचारीत असे, "आपला इतिहास सांगा." ते मग नवगावला फुटलेले गलबत, सात पुरुष व सात स्त्रिया, शनिवार तेली, हे जे मला आणि सर्वांना पाठ आहे तेच गंभीर स्वरात सांगत. एकदा लोदच्या एका एक्याण्णव वर्षांच्या मावशींपुढे मी प्रश्न न विचारता नुसते एक जुने छायाचित्र ठेवले. शाळेचे असावे, तिसाहून अधिक चेहरे, पाठीवर एक अक्षर नाही. मावशींनी चष्मा चढवला आणि दोन तास बोलल्या. नावे त्यांना कमीच आठवली. "ही आमच्या चाळीतली, हिच्या आईच्या हातचे पुरणाचे कानवले." "हा खंडाळ्याला एलियाहू हानाबीच्या टाप्यावर नवस फेडायला आम्हा सगळ्यांना बैलगाडीतून घेऊन गेला होता." अशा रीतीने एकोणीस चेहऱ्यांची घरे लागली. उरलेल्यांसाठी त्या म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण असती तर तिने सांगितले असते." बहीण आदल्या वर्षी वारली होती.

आणखी एक अवघड बाब सांगून टाकतो. गठ्ठ्यांत सगळेच कीर्तन आणि आहेर नसते. एका कुटुंबाने दिलेल्या पत्रांत असा मजकूर निघाला, की तो आज हयात असलेल्या एका व्यक्तीला दुःख देईल. पहिला विचार आला, जाळून टाकावा. दुसरा विचार आला, इतिहास आहे, ठेवावा. बाईंनी तिसरा मार्ग सांगितला: पाकीट बंद करावे, वर वर्ष लिहावे, आणि त्या वर्षापर्यंत कोणी उघडू नये असे कुटुंबाकडून लिहून घ्यावे. तसे केले आहे. ते वर्ष पाहण्यासाठी मी असणार नाही, याचे मला हायसे वाटते.

गब्बाय आणि मंडळाच्या विश्वस्तांशी माझे बोलणे झाले आहे, आणि त्यांनी मान्य केलेली योजना त्यांच्या परवानगीने सांगतो. गेनिजाची पेटी आहे तेथेच राहील. धर्माज्ञेला कोठेही बाध येणार नाही. तिच्याशेजारी दुसरी पेटी ठेवली आहे, तिच्यावर मराठीत आणि हिब्रूत 'आधी वाचण्यासाठी' असे लिहिले आहे. ज्या कागदात एक तरी मराठी किंवा मोडी अक्षर असेल, तो प्रथम तिच्यात टाकावा. दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही चौघे तो पाहतो. चौघांपैकी सर्वांत तरुण मी आहे. जे पाहून झाले, ज्याची प्रत निघाली आणि ज्याचे मूळ ठेवण्यासारखे नाही, ते सन्मानाने गेनिजात जाईल. नातवंडांपैकी कोणाला मराठी वाचता येत नसले तरी चालेल. यंत्र चालवायला, नावे हिब्रूत लिहून घ्यायला हात हवे आहेत, आणि आम्ही त्यांना अक्षर ओळखायला शिकवू.

गेल्या मंगळवारी त्या पेटीत एक रेशनकार्ड, 'मायबोली'चे दोन जुने अंक आणि शाळेच्या वहीतून फाडलेला एक दुमडलेला कागद निघाला. कागदावर बिरड्याच्या उसळीची कृती आहे, आणि खाली बाईच्या हस्ताक्षरात गाण्याच्या चार ओळी, चालीच्या खुणेसह. सही नाही. ओळी आम्हा चौघांपैकी कोणीही पूर्वी ऐकलेल्या नाहीत. तो कागद दाराजवळच्या टेबलावर काचेखाली ठेवला आहे. जाताना कृपया थांबून पाहा. हस्ताक्षर ओळखीचे वाटले, तर मला लगेच सांगा.